प्रतिकारक, पण कोणाला? भातबियाण्याच्या लेबलाबद्दल कृषी विभागास खुले पत्र

प्रति,
मा. प्रधान सचिव (कृषी) आणि बियाण्यांच्या लेबलांचे नियम ठरवणारे सर्व अधिकारी,
मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

विषय: पिशवीवरचा ‘रोगप्रतिकारक’ हा एक शब्द

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

मी भांडुपला राहते आणि मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत काम करते. काम म्हणाल तर कोणतं प्रथिन कोणाला धरतं आणि कोणाला धरत नाही, हे बघायचं. गेली नऊ वर्षं हेच बघते आहे. वडिलांचं गाव कर्जत तालुक्यात. वडील नोकरीसाठी मुंबईत आले, काका गावीच राहिले आणि अजून तीन एकर भात लावतात. एवढं आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जी चूक येणार आहे ती माझी आहे, आणि नऊ वर्षांच्या अनुभवानंतरची आहे.

मागच्या मे महिन्यात काकांचा फोन आला तेव्हा मी ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर उभी होते. ते कृषी सेवा केंद्रात दोन पिशव्या समोर घेऊन बसले होते. “बाय, एकीवर करपा प्रतिकारक लिवलंय, दुसरीवर काय नाय. पहिलीचे दोनशे जास्ती मागतोय. कंची घेऊ?” मी म्हटलं, पहिली घ्या, त्यात विचार कसला करायचा! गाडी आली, फोन ठेवला.

पुढे पाऊस बरा झाला, लावणी वेळेत उरकली. पिशवीवर लिहिलंय आणि पुतणीनेही सांगितलंय म्हटल्यावर काका निर्धास्त होते. करपा दिसायच्या आधी दरवर्षी एक फवारणी करतात, ती त्यांनी केली नाही. शेत जरा पिवळट वाटलं म्हणून युरियाचा एक हात जादा मारला. जादा नत्र म्हणजे करप्याला पाट मांडून देणं, हे त्यांना माहीत नाही असं नाही. पण पाहुणाच येणार नाही म्हटल्यावर पाट मांडला काय, नाही मांडला काय!

गणपतीत गावी गेले तेव्हा पानांवर ठिपके होते. दोन्ही टोकांना निमुळते, होडीच्या आकाराचे, मधे राखाडी आणि कडेला तपकिरी. भात निसवल्यावर रोग लोंबीच्या मानेत उतरला. मान काळी पडून तिथेच मोडायची. लोंबी तळहातावर चोळली तर दाण्याऐवजी पळंज. झोडणी झाली, भात वारवून झालं, तेव्हा उडालेला ढीग मोठा आणि राहिलेला लहान होता. काकू काही बोलली नाही. काकाही मला काही बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

त्या गणपतीतच मी पाच-सहा पानं वर्तमानपत्रात गुंडाळून कर्जत लोकलने मुंबईला आणली होती. काचेच्या बशीत ओल्या टिपकागदावर रात्रभर ठेवली. सकाळी ठिपक्यांवर राखाडी मखमल उगवलेली. सूक्ष्मदर्शकाखाली नासपतीच्या आकाराचे बीजाणू, प्रत्येकात दोन पडदे आणि तीन खोल्या. मॅग्नापोर्थे ओरायझी, म्हणजे करप्याची बुरशी. शंकेला जागा नव्हती.

मग बियाणं खोटं होतं का? मी तसं म्हणत नाही. मला ते सिद्ध करता येणार नाही, आणि कंपनीचं नाव मी इथे घेणारही नाही. हे पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. ते लेबल अक्षरशः खरं असेल, त्या वाणात करप्याविरुद्धचं जनुक असेल, तरीही काकांचं पीक असंच गेलं असतं. ते कसं, हे सांगायला थोडा वेळ घेते.

करप्याचा बीजाणू पानावर पडतो, चिकटतो, अंकुरतो आणि अंकुराच्या टोकाला एक घुमट बांधतो. घुमटाला आतून काळ्या मेलॅनिनचं अस्तर. त्यातला दाब वाढत वाढत हवेच्या दाबाच्या ८० पटीपर्यंत जातो, म्हणजे मोटारीच्या टायरमध्ये असतो त्याच्या साधारण ४० पट. त्या जोरावर बुरशी पान भोसकून आत शिरते. आत गेल्यावर मात्र दांडगाई सोडते आणि गोडीगुलाबीने काम काढते. बारीकबारीक प्रथिनं भाताच्या पेशीत सोडते. आम्ही त्यांना इफेक्टर म्हणतो. हे इफेक्टर पेशीतल्या प्रथिनांना धरतात, आणि धोक्याची घंटा वाजवणारी यंत्रणा गप्प पडते.

भातही स्वस्थ बसत नाही. त्याच्या पेशीत पाळतीवर ठेवलेली प्रथिनं असतात. त्यातल्या पिक नावाच्या जोडीची युक्ती मला फार आवडते. बुरशीचं एव्हीआर-पिक नावाचं प्रथिन भातातल्या, जड धातूंशी नातं असलेल्या एका प्रथिनकुळाला धरायला येतं. भाताने काय केलं, तर त्याच कुळाचा एक तुकडा आपल्या पहारेकऱ्याच्या अंगरख्यावर खिशासारखा शिवून टाकला. चोर सवयीने खिशात हात घालतो आणि मनगट पहारेकऱ्याच्या हातात सापडतं. मग जोडीतला दुसरा बोंब ठोकतो आणि ती पेशी स्वतःहून मरते. या बुरशीला सुरुवातीला जिवंत पेशी लागते. ती नाही म्हटल्यावर तिची वाढ तिथेच खुंटते. आपल्याला पानावर दिसतो तो टाचणीच्या डोक्याएवढा तपकिरी डाग, बस.

पण हे सगळं चोराचा हात खिशात नीट बसला तरच. एव्हीआर-पिकचे प्रकार आहेत: ए, सी, डी, ई, एफ. भाताच्या पिक-पी या पहारेकऱ्याला त्यातला फक्त डी पकडता येतो. पिक-एमला डी, ई आणि ए. सी आणि एफ तर निसर्गात सापडलेल्या एकाही पिक पहारेकऱ्याच्या हाती लागत नाहीत. आणि ई व सी यांत फरक किती? एका अमिनो आम्लाचा, म्हणजे प्रथिनाच्या माळेतल्या एका मण्याचा. ६७व्या जागी ॲलानिनऐवजी ॲस्पार्टिक आम्ल. आपल्या फाइलीत एखादी ऱ्हस्व वेलांटी दीर्घ व्हावी, एवढाच. तेवढ्यावर पीक राहतं किंवा जातं.

उलट बाजूनेही तेच. पाय-टा नावाचं भाताचं दुसरं एक प्रथिन आहे. त्याच्या ९१८व्या जागी ॲलानिन असेल तर झाड तगतं, सेरिन असेल तर करपतं. हे प्रथिन बुरशीच्या एव्हीआर-पाय-टाला थेट धरतं, हे २००० साली दाखवलं गेलं, आणि ज्या पद्धतीने दाखवलं ती मी रोज करते. म्हणून तिच्याबद्दल जरा सांगते.

पद्धत १९८९ची, स्टॅन्ले फील्ड्स आणि ओक-क्यू साँग यांची. यीस्टमधल्या जनुकं चालू करणाऱ्या एका प्रथिनाचे दोन तुकडे करायचे. एका तुकड्याला भाताचं प्रथिन जोडायचं, दुसऱ्याला बुरशीचं. ती दोघं एकमेकांना धरत असतील तर तुकडे जवळ येतात आणि यीस्टला हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल स्वतः बनवता येतं. मग हिस्टिडिन नसलेल्या अगारवर, म्हणजे बशीतल्या जेलीवर, त्याचे थेंब ठेवायचे आणि ३० अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये तीन-चार दिवस वाट बघायची. धरलं असेल तिथे दुधाळ टिकली उगवते, नसेल तिथे नुसता ओलसर डाग राहतो. मी बशी उघडते तेव्हा आधी वास येतो, पावाच्या भट्टीसारखा. एका ओळीत सहा टिकल्या ठसठशीत, सातवी जागा रिकामी. सातव्या थेंबात एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं. (यीस्ट खोटंही बोलतं. जे बशीत धरतं ते पानात धरेलच असं नाही, म्हणून आम्ही तेच आणखी दोन रीतींनी तपासतो. माझं अर्धं आयुष्य या तपासण्यांत गेलं.)

ती रिकामी सातवी जागा मी शेकडो वेळा पाहिली आहे. तरी ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर मला ती आठवली नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. उगवणशक्ती ही बियाण्याची असते. भौतिक शुद्धता बियाण्याची असते. भाताला प्रमाणित बियाण्यासाठी किमान ८० टक्के उगवण आणि ९८ टक्के शुद्धता लागते, ती पिशवी फोडून मोजता येते. रोगप्रतिकार तसा पिशवीत नसतो. तो सोयरिकीसारखा आहे, त्याला दोन घरं लागतात. भाताचं एक जनुक आणि बुरशीचं त्याला जुळणारं जनुक, ही गोष्ट अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात हॅरल्ड फ्लॉर यांनी जवस आणि जवसाचा तांबेरा घेऊन १९४०च्या दशकात सांगून ठेवली. आपलं लेबल आजही एकाच घराचं नाव छापतं.

आणि दुसरं घर बदलत राहतं. गव्हाचं उदाहरण घ्या. एसआर३१ हे राईच्या गुणसूत्रावरून गव्हात आणलेलं जनुक काळ्या तांबेऱ्याविरुद्ध जगभर वर्षानुवर्षं पुरलं. १९९८ मध्ये युगांडात त्याला न जुमानणारा तांबेरा सापडला, १९९९ मध्ये त्याला यूजी९९ असं नाव पडलं. ज्या शेतकऱ्याच्या पिशवीवर त्या दिवशी ‘तांबेरा प्रतिकारक’ असं छापलेलं असेल, त्याचं लेबल आदल्या दिवशी खरं होतं. यूजी९९ला अडवणारं एसआर३५ हे जनुक एकदाणी गव्हाच्या जुन्या जातीतून आलं. २०२२ मध्ये त्याच्या प्रथिनाचं क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने टिपलेलं चित्र प्रसिद्ध झालं. पाच प्रती, प्रत्येकीच्या कुशीत तांबेऱ्याचं एकेक प्रथिन, मिळून एक चक्र. चक्र पेशीच्या पटलात रुततं, वाट उघडते, कॅल्शियम आत धावतो आणि पेशी मरते. ते चित्र मी माझ्या टेबलासमोर चिकटवलं आहे. त्याच एसआर३५ला चुकवणारे तांबेरेही सापडलेत. त्यांच्यात ज्या जनुकामुळे चोर पकडला जायचा त्याच जनुकात डीएनएचा एक उपरा तुकडा घुसून ते निकामी झालंय. पकडला जाणारा हातच चोराने तोडून टाकला म्हणायचा.

म्हणून कोणीतरी दरवर्षी बघावं लागतं की आता कोणता चोर फिरतोय. आपल्याकडे हे नवं नाही. आग्र्याच्या करमचंद मेहतांनी दाखवून दिलं की मैदानातला गव्हाचा तांबेरा उन्हाळ्यात मरतो आणि डोंगराळ भागातून वाऱ्यावर पुन्हा खाली येतो. तांबेऱ्याचे कोणते प्रकार देशात आहेत याची पाहणी शिमल्याचं फ्लॉवरडेल केंद्र अनेक दशकं करत आलंय. आपल्या राज्यात महाबळेश्वरला गहू तांबेऱ्याचं केंद्र आहे. माझी मागणी भाताच्या करप्यापुरती आहे, आणि तीही प्रयोगशाळेपुरती नाही. ही माहिती काकांच्या हातात, मराठीत, बियाणं घ्यायच्या आधी पडायला हवी. मागच्या मे महिन्यात ती पडली नव्हती.

आता नेमकं काय हवं ते सांगते.

पहिल्यांदा रोगाचं पूर्ण नाव. ‘करपा’ हा शब्द आपण तीन वेगळ्या शत्रूंना वापरतो. करपा बुरशीचा. कडा करपा झँथोमोनास जिवाणूचा. पर्णकोष करपा पुन्हा बुरशीचा, पण दुसऱ्याच, रायझोक्टोनियाचा. एकाला अडवणारं जनुक दुसऱ्याला ओळखतही नाही. हैदराबादच्या संस्थांनी २००८ मध्ये दिलेला सुधारित सांबा महसुरी हा वाण घ्या. त्यात एक्सए२१, एक्सए१३ आणि एक्सए५ अशी तीन जनुकं आहेत आणि तिघांची तऱ्हा निराळी. एक्सए२१ चोराला ओळखून ओरडतं. एक्सए५मध्ये चोराला टेकू देणारं भाताचं स्वतःचंच प्रथिन एका अमिनो आम्लाने बदललेलं आहे, त्यामुळे टेकू निसटतो. एक्सए१३मध्ये तर जिवाणूचं प्रथिन ज्या जागी बसून भाताचं जनुक चालू करतं ती जागाच बदललेली आहे. तिघांना एकदम चुकवणं जिवाणूला जड जातं. उत्तम काम आहे. पण ते कडा करप्याविरुद्ध. असा वाण कोणी नुसता ‘करपा प्रतिकारक’ म्हणून विकला तर दुकानदारही मान डोलावेल आणि गिऱ्हाइकही.

मग जनुक. माहीत असेल तर नाव, आणि एक आहे की तीन. एका जनुकावर उभा असलेला प्रतिकार आणि तिघांवर उभा असलेला, यांत फरक आहे आणि २०० रुपये जास्त मोजणाऱ्याला तो कळला पाहिजे.

आणि सर्वांत महत्त्वाचं: शेवटची चाचणी कुठे आणि कोणत्या वर्षी झाली. ‘करपा (बुरशी), शेवटची शेतचाचणी अमुक ठिकाणी, अमुक खरीप’. दोन ओळी. औषधाच्या बाटलीवर मुदत असते. बियाण्याच्या पिशवीवरही उगवणशक्तीच्या चाचणीची तारीख असतेच, मग प्रतिकाराला का नको? त्याची मुदत तर उगवणशक्तीपेक्षा बेभरवशाची.

यासाठी फार मोठी यंत्रं लागत नाहीत. एकेका जनुकाचा एकेक वाण, असे वीस-तीस वाण ओळीने लावायचे आणि कोणता करपतो ते बघायचं. तगलेल्या ओळी सांगतात कोणती जनुकं अजून कामाची आहेत. कर्जतला भात संशोधन केंद्र आहे. कर्जत लोकलच्या शेवटच्या स्टेशनावर, म्हणजे मंत्रालयातून सकाळी निघालात तर संध्याकाळी परत येता येईल इतक्या जवळ. तिथल्या अनुभवी माणसांना पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत दहा-बारा जागी अशा ओळी लावायला पैसे द्या, आणि निकालाचं एक पान मराठीत अक्षय्य तृतीयेच्या आत प्रत्येक कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर लावा.

यावर काय उत्तरं येतील याचा मला अंदाज आहे. कंपन्या म्हणतील, जनुकाचं नाव हे आमचं गुपित. बरं, नाव झाका. वर्ष आणि जागा तर सांगाल? त्यात कसलं गुपित? कोणी म्हणेल, बुरशी बदलली तर दोष आमच्यावर येईल. उलट आहे. आज नुसतं ‘प्रतिकारक’ लिहून तुम्ही कायमची हमी दिल्यासारखं होतं. वर्ष लिहिलंत तर तेवढ्यापुरतीच जबाबदारी राहील.

आणि कोणीतरी नक्की म्हणेल की शेतकऱ्याला हे कळणार नाही. हे मी मुंबईत बऱ्याच वातानुकूलित खोल्यांत ऐकलं आहे. माझ्या काकांचं शिक्षण सातवी. चेंबूरच्या सुफलाच्या गोणीवरचे १५:१५:१५ हे आकडे म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश हे त्यांना तोंडपाठ आहे आणि १०:२६:२६ कधी घ्यायचं यावर ते तासभर वाद घालतील. निळं लेबल प्रमाणित, पांढरं पायाभूत, आणि सत्यप्रत म्हणजे कंपनीच्या शब्दावर विश्वास, हे त्यांनीच मला शिकवलं. दिवाळीत मी त्यांना यीस्टच्या बशीचा फोटो दाखवला आणि रिकामी सातवी जागा काय ते सांगितलं. त्यांनी फोन जवळ घेऊन नीट पाहिलं आणि म्हणाले, “म्हंजे कुलूप बरोबर होतं, चोरानं चावी बदलली.” आणि मग, “ह्ये पिशवीवर का नाय लिवत?”

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून आपल्याला लिहिते आहे.

काका येत्या मे महिन्यात पुन्हा त्याच दुकानात बसतील. या वेळी फोन आला तर निदान ‘कोणत्या करप्याला आणि कधी तपासलेलं’ एवढं विचारायचं मी त्यांना सांगून ठेवलंय. दुकानदाराला उत्तर देता येईल अशी व्यवस्था आपण तोवर करू शकाल का, हे कळवावं.

आपली नम्र,
प्रथिनांवर काम करणारी भांडुपची एक नागरिक

ता.क. मागच्या वर्षीच्या पिशवीचं लेबल काकांनी देवघराच्या फळीवर जपून ठेवलं होतं, ते मी मागून आणलं. समोरच्या बाजूला गर्दी आहे. मागची बाजू मी पट्टीने मोजली: खालची साडेचार सेंटिमीटर जागा कोरी आहे.